हद्दीच्या दगडाला शेंदूर

आमच्या घराला कंपाउंड पाहिजे हे खूळ माझंच. आई म्हणायची, "कशाला पाहिजे भिंत? आपल्या घरात काय सोन्याच्या विटा हायेत का?" पण मी कशाची ऐकते. मी अंबडच्या कोर्टात लिपिक आहे. दिवसभर माझ्या टेबलावरून हद्दीचेच दावे जातात. याचा बांध त्यानं कोरला, त्याच्या पत्र्याचं पाणी याच्या अंगणात पडलं. फूटभर जागेपायी सख्खे भाऊ बाहेरच्या बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसलेले मी रोज बघते. म्हणून मी ठरवलं होतं, आपलं कंपाउंड होईल ते अगदी नियमात होईल, उद्या कोणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही.

आणि कंपाउंड पाहिजेच होतं हो. घर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी बांधलं. रंगही त्यांच्या हयातीत झाला, पण बाजू सगळ्या उघड्याच राहिल्या. गल्लीतली कुत्री, शेळ्या, वरातीतली माणसं, सगळी आमच्या अंगणातून आरपार. मी मोगरा लावायचा आणि शेळीनं तो खायचा, असं किती वर्षं चाललं होतं. एकदा एक पाहुणे चपला रस्त्यातच काढून अनवाणी आत आले आणि म्हणाले, "तुमचं अंगण कुठं सुरू होतं ते कळलंच नाही." ते गेल्यावर मी आईला सांगितलं, यंदा भिंत उभी राहणार म्हणजे राहणार.

नगर परिषदेत गेले तर खिडकीतला माणूस माझ्याकडे बघतच बसला. "मॅडम, कंपाउंडला परवानगी कोण घेतंय? टाका की बांधून."

"मी घेतेय," मी म्हटलं. "अर्ज कसा करायचा तेवढं सांगा."

त्याला वाटलं असणार, बाईचं डोकं फिरलंय. मला मात्र लहानपणी नवीन वर्गाची पुस्तकं आणायला जाताना व्हायचा तसा आनंद होत होता. एका इंजिनिअरकडून नकाशा काढून घेतला, अर्ज भरला आणि नियमांचे कागद घरी आणून जेवताना आईला वाचून दाखवायला लागले. रस्त्याकडची भिंत दीड मीटरपर्यंत. त्याच्या वर पाहिजे असेल तर जाळी, आणि तीसुद्धा आरपार दिसणारी. गेट आतल्या बाजूला उघडलं पाहिजे. शेजाऱ्याच्या सामाईक हद्दीवर भिंत येत असेल तर त्याची ना-हरकत आणा.

आई भाकरी मोडता मोडता थांबली. "गेट कुणीकडं उघडावं हेबी सरकारच सांगतं का?"

"बराबर सांगतं. रस्त्यावर उघडलं तर जाणाऱ्याच्या तोंडावर बसेल की."

"मंग ठीक हाय," आई म्हणाली, आणि तिला त्या कागदांत थोडा रस वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टेप घेतला आणि घराच्या भिंतीवर खडूनं दीड मीटरची रेघ मारली. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. रेघ माझ्या भुवयांपर्यंत आली. मी पुढं झाले, मागं झाले, टाचा उंच करून पाहिलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला माझा अंबाडा दिसेल, पण दोरीवर वाळत घातलेली आईची लुगडी दिसणार नाहीत. मला एकटीलाच हसू फुटलं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"ए बेटी, काय करून राह्यली? भिंतीला ओवाळती का?"

या आमच्या शेजारच्या खाला. त्यांच्या घरात उर्दू चालते, आमच्याशी मराठी, आणि मुलावर चिडल्या की दोन्ही एकदम चालतात. मुलाचं जालना रोडला फॅब्रिकेशनचं दुकान आहे. आमचं गेट तोच करणार हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. दुकानाच्या शटरवर त्यानं मला खडूनं नमुनेही काढून दाखवले होते.

"इतकी उंच?" खाला माझ्या रेघेकडे बघत म्हणाल्या. "मंग मी तुझ्या आईला बघायचं कसं?"

"ही रस्त्याच्या बाजूची, खाला. तुमच्याकडून कमी ठेवते. कमरेएवढी."

"कमरेएवढी चालती," खाला म्हणाल्या. "वाटी तेवढी पलीकडं गेली पाहिजे."

खालांच्या घरासमोर, आमच्या हद्दीला अगदी लागून, त्यांचा बोअर आहे. हातावर नारळ धरून पाणी बघणाऱ्या माणसानं तीच जागा दाखवली होती, म्हणून तो असा कडेला घेतलेला. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. तेव्हा सगळी गल्ली त्या बोअरवर जगते. खाला मोटर चालू करतात, नळी लांब सोडतात, आणि ज्याचा ड्रम भरला त्यानं नळी पुढच्याच्या ड्रममध्ये टाकायची. पहिली नळी आमच्याकडे येते. त्यावरून समोरच्या काकू कधी कधी तोंड वाकडं करतात, पण ड्रम त्यांचाही भरतोच.

आता दगडाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलं. ले-आउट पडला तेव्हा प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्याला दगड रोवले होते. आमच्या आणि खालांच्या मधल्या हद्दीवर, रस्त्याच्या बाजूला, असाच एक होता. आई केदारखेड्याची. तिकडे पेरणीआधी बांधावरच्या दगडाला शेंदूर लावून नारळ फोडायची रीत आहे. घराच्या भूमिपूजनाला तिनं तेच केलं. दगडाला शेंदूर फासला, हळदकुंकू वाहिलं आणि विसरून गेली. पण शेंदूर लावलेला दगड म्हटल्यावर गल्ली थोडीच विसरते. गिरणीला जाणाऱ्या बाया हात जोडायला लागल्या. मग कोणी उदबत्ती लावली. मग समोरच्या काकूंच्या मुलीचं लग्न जमलं आणि काकूंनी नारळ वाढवून जाहीर केलं की हा गल्लीचा म्हसोबा आहे आणि स्वयंभू आहे.

आई आधी हसायची. नंतर नंतर तीच दर अमावस्येला त्याला नैवेद्य दाखवायला लागली. काकू आणि बाकीच्या बाया तिच्या हातूनच नारळ वाहायच्या, सल्ला विचारायच्या, देव आज काय म्हणतो असं विचारायच्या. दादा गेल्यावर घरात खिन्न बसणारी माझी आई अमावस्येच्या सकाळी डोक्यावरून पदर घेऊन ताठ चालत बाहेर यायची. तिचा तो मान मला फार आवडायचा, देवावर माझा विश्वास असो की नसो.

नगर परिषदेचे साहेब पाहणीला येणार म्हणून निरोप आला, तेव्हा मी रजाच टाकली. अंगण झाडलं, सडा टाकला, चहाचं आधण तयार ठेवलं. आई म्हणाली, "मुलगी बघायला येऊन राह्यलेत का भिंत?" पण तिनंही नवं लुगडं नेसलं होतं. साहेब तरुण होते, हसतमुख होते, हातात टेप आणि ले-आउटचा नकाशा. गल्लीतल्या बाया आपोआप गोळा झाल्या. काकू सगळ्यांच्या पुढं.

साहेबांनी आधी कोपऱ्याचे दगड शोधले. मागचे दोन्ही नालीच्या कामात गेले होते. तिसऱ्यावर पलीकडच्या शेजाऱ्यानं ओटा बांधला होता. साहेबांची नजर फिरत फिरत शेंदरी दगडावर आली.

"हा कशाचा?"

"देव हाय, साहेब," काकू म्हणाल्या. "त्याला हात लावू नका."

"तो ले-आउटचा दगड आहे," मी म्हटलं. "आमच्या दादांनी मला दाखवला होता."

साहेबांनी चपला काढल्या, आधी नमस्कार केला, आणि मग दगडाच्या पाठीमागचा शेंदूर किल्लीनं हळूच खरवडला. खाली छिन्नीनं कोरलेली फुली निघाली. साहेबांचा चेहरा खुलला. "हाच. ही ले-आउटचीच खूण. चला, एक पक्का दगड मिळाला म्हणजे काम झालं." मी तर आनंदानं टाळीच वाजवणार होते. साहेबांच्या माणसानं दगडापासून मागच्या नालीपर्यंत दोरी ताणली आणि दोरीवरून चुन्याची फक्की टाकत गेला. पांढरी रेघ अंगणातून सरळ धावली, आणि खालांच्या बोअरच्या पलीकडून गेली.

बोअर आमच्या बाजूला होता. केसिंगचा पाइप, मोटरची पेटी, खालांनी त्याच्याभोवती लावलेला पुदिना, सगळं रेघेच्या अलीकडे.

"नकाशाप्रमाणं हद्द ही," साहेब म्हणाले. "बोअर तुमच्या जागेत घेतलेला दिसतोय, मॅडम."

काकू माझ्या कानाशी आल्या. "बघ, देवानंच दिलं. आता पाणी तुमच्या हातात."

डोळ्यांसमोर कोर्टातला तो बाक आला, त्याच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला पाठ करून बसलेल्या खाला. असलं कंपाउंड मला बिलकुल नको होतं. पण नियमाप्रमाणे चला म्हणून मीच साहेबांना बोलावलं होतं, आणि नियमाची रेघ माझ्याच अंगणात पडली होती. साहेब खालांकडे वळले.

"तुमची काही हरकत असेल तर आत्ताच सांगा. नसेल तर या ना-हरकतीवर सही करा."

खालांनी रेघेकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, मग जमलेल्या बायांकडे पाहिलं. डोक्यावरची ओढणी सारखी केली. "न्हाई साहेब," त्या म्हणाल्या. "हरकत न्हाई. कुठं करू सही?"

"खाला," मी ओरडलेच, "अहो, बोअर चालला तुमचा."

"दिसतंय मला, बेटी," त्या म्हणाल्या आणि पेन घ्यायला हात पुढं केला.

मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. भांडा की, म्हणावंसं वाटलं. मुलाला दुकानातून बोलवा, आरडाओरडा करा, पण अशी मुकाट सही काय करता. मी त्यांच्या हातातून पेन काढून घेणार, तेवढ्यात दारातून आई आली. हातात साहेबांसाठी चहाचा ट्रे होता. तो तिनं ओट्यावर ठेवला, चालत येऊन दगडाशी उभी राहिली आणि म्हणाली, "सही घेऊ नका. हा दगड जागेवर न्हाई. हलवलाय."

"कुणी हलवला?" साहेबांनी विचारलं.

"मी."

काकूंचा हात तोंडावर गेला. "अक्का, काय बोलून राह्यल्या? देव कोण हलवतं?"

"नाली तुंबली होती त्या पावसाळ्यात," आई साहेबांकडेच बघत बोलत होती. "सगळी घाण त्याच्या अंगावर आल्ती. शेंदूर मीच लावलेला, मला बघवंना. रातच्याला पहारीनं खणून काढला आन् इथं उंचावर आणून बसवला. पोरगी तेव्हा भोकरदनला नोकरीला होती, तिला माहीत न्हाई. कुणालाच माहीत न्हाई."

साहेबांनी दगडाला हातानं चाचपलं. जमिनीवर गुडघ्याएवढा होता, आत तेवढाच असणार. "मावशी, हा तर दोन माणसांनासुद्धा जड जाईल. तुम्ही एकट्यानं उचलला?"

"एकटीनं."

खालांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईनं त्यांच्याकडे न बघताच हात वर केला. "आपा, तुम्ही गप बसा. तुम्हाला काय माहीत?"

मी आईकडे बघत राहिले. तिनं हात पदरात गुंडाळून घेतले. समोर त्याच बाया होत्या, ज्या तिच्या हातून नारळ वाहत होत्या. काकूंचा आवाज चढला. "मंग आम्ही इतकी वर्षं नारळ फोडले ते कशापुढं? स्वयंभू देव असा इकडून तिकडं नेऊन ठेवतात का?"

"देवापुढंच फोडले," आई म्हणाली. "देव हाय तो हायेच. हद्द तेवढी इथली न्हाई."

काकू तणतणत घरी गेल्या आणि त्यांच्या मागं निम्म्या बाया गेल्या. आईनं रस्त्यालगतच्या विजेच्या खांबाजवळ, समोरच्या नालीच्या कडेला बोट दाखवलं. साहेबांच्या माणसानं पहार घेतली. मी तर खड्ड्याच्या काठावर उकिडवीच बसले होते, माती माझ्या तोंडावर उडत होती तरी हटत नव्हते. वरचा चिखल गेला, मुरूम गेला, मग विटांचे तुकडे आणि चुना लागला, दगडाच्या बुडाशी ठोकतात तसा. आणि त्यातच हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं. भूमिपूजनाला दादांनी दगडाच्या बुडाशी खोचलेलं. आईनं ते पदराला पुसलं आणि कपाळाला लावलं.

तिथून दोरी पुन्हा ताणली. रेघ बोअरच्या अलीकडून गेली, वीतभर जागा राखून. खालांचा बोअर खालांच्या जागेत. मला त्या क्षणी साहेबांना, त्यांच्या माणसाला, फक्कीच्या पाटीला, सगळ्यांना ओवाळावंसं वाटलं. साहेब म्हणाले, एवढ्यावर भागणार नाही, सरकारी मोजणी करून घ्या, तिची प्रत जोडा, मग परवानगी देतो. मी म्हटलं, कराच. उभ्या उभ्या हो म्हटलं. मोजणीवाले पुढं मशीन घेऊन आले तेव्हा त्यांचीही खूण त्याच खड्ड्यावर पडली.

त्या संध्याकाळी मी मात्र तडक खालांच्या घरी गेले. त्या पालक निवडत होत्या. मी बसलेसुद्धा नाही. "तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "दगड आईनं एकटीनं उचललाच नसणार. तुम्हीच होता ना बरोबर?"

"मंग कोण असणार? पहार माझीच होती," खाला म्हणाल्या. "एका बाजूनं ती, एका बाजूनं मी. कंबर माझी अशी गेल्ती की विचारू नको. चांगली शेक घेत पडल्ते."

"तर बोलल्या का नाहीत? बोअर चालला होता तुमचा."

खाला पालकाची देठं मोडत राहिल्या. "काय बोलणार होते, बेटी? समद्या बाया उभ्या होत्या. तुमचा देव मी उचलला म्हणू? आजकाल काय दिवस हायेत, तू पेपर वाचती की न्हाई? पाणी गेलं असतं तर दुसरा बोअर घेतला असता. गल्ली दुसरी कुठून आणणार?"

कोर्टात इतके दावे पाहिले, पण हक्काची जागा समोरून जात असताना असं गप्प बसलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर पालक निवडायला लागले.

पुढच्या अमावस्येला आईनं नैवेद्य केला, पदर घेतला आणि बाहेर आली. दगडाशी कोणीच नव्हतं. तिनं एकटीनंच नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे तसेच ताटलीत उरले ते बघून मला काकूंच्या दारात जाऊन भांडावंसं वाटलं. आईनं हात धरून बसवलं.

मग परवानगी आली. शिक्का मारलेला नकाशा मी सगळीकडे दाखवत हिंडले, कोर्टातल्या शिपायापासून भाजीवालीपर्यंत. पाया खणायला मिस्त्री येणार त्या दिवशी आधी दगड त्याच्या मूळ जागी न्यायचा होता. तशी आता हद्द कागदावर पक्की झाली होती, पण आईनं ऐकलं नाही. देव दुसऱ्याच्या जागेत बसलाय, ती म्हणाली, त्याला आपल्या घरी आणू. आई, मी आणि खाला अशा तिघी अंगणात जमलो. मिस्त्री आणि त्याची माणसं आली होती, पण शेंदूर बघून लांबच उभी राहिली. देवाला आम्ही हात लावणार न्हाई म्हणाली.

खाला जरा मागंच उभ्या होत्या. रस्त्यावर लोक होते. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि काकू आल्या. हातात नारळ, हळदकुंकवाची कोयरी. मी कंबर कसून तयारच होते, आता काही वाकडं बोलल्या तर सोडायचं नाही म्हणून. पण त्यांनी दगडाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं. मग पदर खोचून आईच्या शेजारी वाकल्या. आई, काकू आणि मी, तिघींनी जोर लावला. मिस्त्रीनं भोवतीची माती आधीच मोकळी करून दिली होती, तरी दगड तसूभर हलला नाही. परत लावला. माझ्या बांगड्या फुटल्या, दगड तिथंच.

काकू सरळ झाल्या. श्वास घेत त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्या आईकडे, तिच्या त्या काटकुळ्या दंडांकडे. आई दुसरीकडेच बघत होती. मग काकूंनी मागं उभ्या असलेल्या खालांकडे पाहिलं, बराच वेळ.

"आपा," काकू म्हणाल्या, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात, "लांब काय उभ्या? त्या बाजूनं धरा. तुम्हाला सवय हाय."

खालांनी आईकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती. खालांनी ओढणी कमरेला बांधली, समोरच्या बाजूला गेल्या आणि खाली हात घातले. "आस्ते," त्या म्हणाल्या, "कंबर सांभाळून," आणि आम्ही चौघींनी तो उचलला. खांबाजवळच्या खड्ड्यात, आईनं परत ठेवलेल्या दादांच्या नाण्यावर, नीट बसवला. मग मिस्त्रीनं दोरी बांधली आणि पाया खणायला सुरुवात केली.